कापल्या कानाचा बैल

गाय सुकी मासळी खाते, हे मी बायकोला कॅसेटवर बोलून कळवलं तेव्हा तिला ते खोटं वाटलं. तिच्या उलट कॅसेटमध्ये ती हसत म्हणाली, "आवं, काय बी सांगताय व्हय? गाय काय मांजर हाय?" मी खरं तेच सांगितलं होतं. तिकडं आखातात समुद्रातली बारीक मासळी वाळवून पोत्यानं येते, ती चाऱ्यात कालवून जनावरांना घालतात. नवी गाय दोन दिवस तोंड फिरवते, मग अशी चटक लागते की पोतं उचलल्याचा आवाज आला तरी दाव्याला हिसके देते.

खोटं मी दुसरंच सांगितलं होतं, ते मात्र तिनं मरेपर्यंत खरं धरलं. मी दुधाच्या गोठ्यावर कामाला आहे, असं सांगितलं होतं.

दूध होतं म्हणा. चार-पाच गाई होत्या, घरापुरतं निघायचं. पण तो गोठा होता मांसाचा. खोंड वाढवायचे, काही लहान असताना बाजारातून आणायचे, खाऊ घालून भरवायचे आणि बकरी ईदला विकायचे. जी ईदला जायची नाहीत ती वर्षभरात खाटकाकडं. आमच्या घरी बेंदराला, म्हणजे पोळ्याला, बैलाच्या शिंगाला शेंदूर लागायचा, आणि मी तिकडं जनावर किती भरलं हे कंबरेवर हात दाबून मालकाला सांगायचो. हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

मी सांगली जिल्ह्यातला, माणदेशाकडच्या कडेचा. शाळा चौथीपर्यंत. दुबईला जातो म्हणून गेलो आणि शारजाच्या औद्योगिक भागात एका लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये पत्रे कापायला लागलो. तिथं तीन वर्षं काढली. एकदा अरबाब, म्हणजे पुढं जो माझा मालक झाला तो, गोठ्याचं फाटक करून घ्यायला आला. त्याच्या पिकअपमध्ये मागं एक खोंड होता, लाळ गाळत होता. मी सहज त्याची जीभ ओढून बघितली आणि म्हटलं, खुरात पण बघा, खुरात फोड असतील. होते. दोन महिन्यांनी त्यानं माझा व्हिसा आपल्या नावावर करून घेतला.

मालकाचं शेत धैद गावाच्या अलीकडं, वाळूत. खजुराची झाडं, दोन तुकडे लसूणघास, त्याला तिकडं जत म्हणतात, आणि पत्र्याच्या सावलीत पंचवीसेक जनावरं. विहिरीचं पाणी खारट. मी एकटा राहायचो. मालकाची नोकरी शहरात सरकारी कचेरीत. तो गुरुवारी दुपारी यायचा, शुक्रवारी संध्याकाळी जायचा. त्याची म्हातारी आई मात्र जवळच्या वस्तीत राहायची आणि रोज सकाळी काठी टेकत गोठ्यात यायची. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. पण जनावरापुढं उभं राहिल्यावर दोघांनाही बोलायला फार शब्द लागत नव्हते.

मराठी बोलायला एकच माणूस. रत्नागिरीकडचा मुसलमान, दाढी पिकलेला, माझ्याच वयाचा. त्याच्याकडं भाड्याची पिकअप होती. चारा आणायचा, जनावरं बाजारात न्यायचा. शारजात त्याच्या खोलीवर फोन होता आणि गावाकडं जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांची त्याला खबर असायची, म्हणून माझ्या कॅसेटी त्याच्याच हातून जायच्या-यायच्या. मला बघितलं की लांबूनच ओरडायचा, "काय रे घाट्या, जिवंत आहेस का?" मी म्हणायचो, "तुझ्या वासानं कळलं कोकण्या, आज मासळी आणलीस." पिकअपमध्ये मासळीची पोती नसली तरी मी तेच म्हणायचो. दोन-तीन दिवसांतून एकदा एवढं बोलणं व्हायचं, तेवढंच बरं वाटायचं.

गोठ्यात एक तांबडी गाय होती, कुठल्या तरी बोटीतून आलेली. गुणाची. तिची दोन वेतं माझ्या डोळ्यांदेखत वाया गेली. वासरू चांगलं व्हायचं, चीक प्यायचं, उभं राहायचं, आणि तिसऱ्या दिवशी मान टाकायचं. डॉक्टर आला, सुई दिली, पैसे घेऊन गेला. म्हातारी त्या गाईपाशी उभी राहून डोळे पुसायची. मीही कॅसेटवर बायकोला हे सांगितलं. दुसरं काय सांगणार? तिला सांगण्यासारखं माझ्याकडं गाईगुरांशिवाय काही नव्हतं, आणि त्यातलंही निम्मं लपवायचं होतं.

तिचं उत्तर आलं. तिच्या बोलण्यात मागं कोंबड्या ओरडत होत्या. "आवं, तिसऱ्याचा कान कापा. पडल्या पडल्या, चीक पाजायच्या आधी. बोटभर तुकडा काढा आन् दावणीखाली पुरा. माझ्या म्हायेरी असंच करत्यात. कान तुटक्या जनावराला मरान हात लावत न्हाई, आक्खं बघून नेतंय ते. आन् हळद लावा, विसराल न्हाईतर."

तांबडी गाय तिसऱ्यांदा व्यायली ती सकाळची वेळ होती. खोंड झाला. मी दाढीचं नवं पातं घेतलं, उजव्या कानाचं टोक धरलं आणि कापलं. बोटभर म्हणाली होती. माझा हात जरा जास्तच चालला, तिसरा हिस्सा गेला असेल. हळद दाबली. तुकडा दावणीच्या खुंट्याखाली पुरला. मागं बघतो तर म्हातारी काठी घेऊन उभी. "हराम, हराम," म्हणाली, म्हणजे बिचारा, अरेरे, असं. मी दोन बोटं दाखवली, मग माती दाखवली: दोन मेले. मग या वासराकडं बोट केलं आणि आकाशाकडं हात जोडले. तिला कळलं. गुरुवारी मालकानं विचारलं, कानाला काय झालं, तर तिनंच परस्पर त्याला काहीतरी सांगितलं आणि काटेरी तारेकडं काठी दाखवली. मालकानं जीभ टाळूला लावून चक् केलं आणि पुढं गेला.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. वासरू जगलं.

मी ते कॅसेटवर सांगितलं तेव्हा बायको केवढी खूश. पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये आधी पोराचं, मग शेळीचं, मग "माझा कानकाप्या कसा हाय?" जसा काही ती त्याची आई.

कोकण्या पोती फाटकापाशीच टाकून जायचा; त्यानं पहिल्यांदा तो कान जवळून बघितला तेव्हा वासरू आठ महिन्यांचं होतं. तो आधी हसला, मग कपाळाला हात लावला.

"हे तू केलंस? ब्लेडनं?"

"हो. जगला की."

"अरे घाट्या, कुर्बानीचं जनावर सगळं शाबूत लागतं. डोळा, पाय, शिंग, कान. एवढा कान गेलेला कोण घेणार ईदला? तू ह्याचा बाजार बुडवलास."

"मग?"

"मग काय? ईद सोडून कधीतरी खाटकाकडे. मालक मला तारेचं सांगत होता; त्याला कळायचंय अजून की तारेला कान खायची सवय नसते."

मी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. आतून मला बरं वाटलं, हे लिहायला लाज नाही. तिथं माझ्या हातानं वाढलेलं प्रत्येक जनावर मी फाटकाबाहेर चढवून दिलं होतं. हा एक असा होता की ईदला कुणी मागणार नव्हतं. पुढं मालक दोन-तीनदा म्हणाला, "इसको बेचो." मी म्हणायचो, "अरबाब, अभी कच्चा है, वजन पकडेगा." तो माझ्यावर विश्वास ठेवायचा. जनावरांच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, असं त्याला वाटायचं.

आणि बायकोला मी सांगितलं की तो वळू म्हणून राखलाय. त्याला आता मरण नाही.

बैल तीन वर्षांचा झाला, चार दाती. अंगानं भिंत, गळ्याची पोळी गुडघ्यापर्यंत लोंबणारी, आणि स्वभावानं कोकरू. खिशात खजूर असला की डोकं घालून काढून घ्यायचा. त्या वर्षी माझी सुट्टी होती. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. सुट्टीची रीत ठरलेली: ईदला खोंड विकून गोठा रिकामा झाला की गाई दोन-तीन महिने मालकाच्या भावाकडं, समुद्राच्या अंगाला, आणि मी गावी. दर तीन वर्षांनी एकदा.

ईदच्या आठ दिवस आधी कॅसेट आली. तिचा आवाज ऐकून मी टेप बंद केला, मशीन बिघडलं की काय म्हणून सेल बदलले. मशीन ठीक होतं. आवाजच तेवढा उरला होता. म्हणाली, पोटात दुखतंय, मिरजेला दाखवलं, गोळ्या चालू आहेत, काळजी करू नका, काम सोडून पळत येऊ नका. मग थांबून म्हणाली, "कानकाप्या बरा हाय न्हवं? येताना त्येला कुणाच्या हवाली करून याल त्यो माणूस बघून करा. इकू नका. तेवढं माझं ऐका." मग खरखर झाली आणि मेव्हण्याचा आवाज आला, दबका, बहुतेक परड्यात जाऊन बोलत असावा. "दाजी, अक्का सांगणार न्हाई. गाठ हाय. जमंल तेवढं लौकर या."

ईदचे तीन दिवस लोक गाड्या घेऊन येत होते. मी दावी सोडून सोडून देत होतो. अकरा खोंड गेले. जो येईल तो आधी कानकाप्याकडंच जायचा, कारण सगळ्यांत मोठा तोच. मग कान बघायचा, बोटानं मापायचा आणि मान हलवायचा. चौथ्या दिवशी गाई भावाच्या शेतावर गेल्या. बैल तिकडं नेता येईना, भावाचा स्वतःचा वळू होता, दोघं एकमेकांना फाडतील. मी मालकाला बायकोचं सांगितलं. तो म्हणाला, "मालूम, मालूम. ये एक बेचो, खलास. फिर तुम मुलुक जाओ. पासपोर्ट तैयार है."

एवढंच तो म्हणाला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मी नंतर वर्षानुवर्षं लोकांना सांगत राहिलो की मालकानं सोडलं नाही.

ईदनंतर मांसाला गिऱ्हाईक नसतं, घराघरांतले फ्रीज भरलेले असतात. तरी दुसऱ्याच दिवशी कोकण्या आला. "घाट्या, नशीबवान आहेस. लेबर कॅम्पला मटण पुरवणारा एक आहे, बाराशे दिरहम देतोय. बारा हजार रुपये. कमी आहे, पण तुझा अरबाब हो म्हणेल. उद्या उचलतो, परवा तू विमानात."

मी म्हटलं, "फुजैराला बैलांच्या टकरी लावतात म्हणे. तिथं कुणी पाळायला घेईल का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "टकरीला? ह्याला?"

"कानाचं टकरीत काय काम? अंग बघ की."

"अरे, तुझी बायको तिकडे अंथरुणावर आणि तू इकडे बैलाला स्थळ बघतोयस?"

"तिनंच सांगितलंय, विकू नका म्हणून."

"तिला काय माहीत इथे काय चालतं?"

"नाही माहीत. म्हणूनच."

तो पिकअपच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "आठ दिवस. मी बघतो कुणी मिळतो का. पण तू मूर्ख आहेस, हे लिहून ठेव." लिहून ठेवलं बाबा. आज लिहिलं.

आता मला विचाराल, असं का केलंस? मला वाटलं, गाठ काय, महिना दोन महिने तरी माणूस काढतं. आठ दिवसांनी काय बिघडतंय. आणि मला वाटलं, तिच्यासमोर जाऊन बसायचं तर एक तरी गोष्ट खरी घेऊन बसावी. बाकी सगळं खोटं होतं. दुधाचा गोठा खोटा, वळू खोटा. ती विचारणारच होती. डोळ्यांत बघून विचारणार होती. कॅसेटवर खोटं बोलणं वेगळं असतं.

त्या बोलण्यापासून दहाव्या दिवशी फुजैराचा माणूस आला. चांगला उंच, पांढरा पायघोळ कंदुरा, हातात वेताची छडी. बैलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खूश दिसला. मग चिडतो का बघायला छडी नाकावर मारली. बैलानं छडी हुंगली, पुढं सरकला आणि त्याच्या खिशात तोंड घातलं. सगळा कंदुरा लाळेनं भिजला. "ये बैल नहीं," तो माणूस म्हणाला, "ये बकरी है." आणि गेला. कोकण्या पोट धरून हसला. मलाही हसू आलं. त्या दिवसांत एकदाच हसलो ते.

दुसरा कुणीतरी पुढच्या आठवड्यात येणार होता. मी थांबलो.

सतराव्या दिवशी, ऐन दुपारी, पिकअप आली. इंजिन चालूच ठेवून कोकण्या खाली उतरला. फाटकापासून ओरडला नाही. जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ." इतक्या वर्षांत तो मला कधी भाऊ म्हणाला नव्हता. मी हातातली बादली खाली ठेवली. पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती, तरी त्यानं सांगितलं. सकाळी गेली. मेव्हण्याचा फोन आला होता.

मालकाला त्यानंच कळवलं. मालक दीड तासात शहरातून गाडी मारत आला, कामाचा दिवस असून. पासपोर्ट माझ्या हातात दिला, तिकीट स्वतः काढलेलं, खांद्यावर हात ठेवला. बैल समोर उभा होता. त्यानं बैलाकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की मी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. गाठ आहे, मरणार आहे, असं तोंड उघडून सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी सोडलं असतं. मी एकदाच म्हटलं होतं, "बीवी बीमार." बायको आजारी तर सगळ्यांचीच असते.

घरी पोचलो तर चितेची राखही सावडून झाली होती. मेव्हण्याच्या बायकोला विचारलं, शेवटी काय म्हणाली. ती म्हणाली, "पाणी मागितलं." मी म्हटलं, आणखी? "आणखी काय न्हाई, दाजी. पाणीच मागत होती." माझं नाव नाही, कानकाप्या नाही. सतरा दिवस मी जे सांभाळत बसलो ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

तेरावं झालं. पोरगा दहावीत होता, त्याला मेव्हण्याकडं ठेवलं. कुणी म्हणालं परत जाऊ नका. राहून काय करणार होतो? घरात शिरलं की परड्यातल्या कोंबड्या ओरडायच्या, आणि मला त्या कॅसेटमधल्या वाटायच्या. महिन्याभरात परत गेलो.

बैलाची जागा रिकामी होती. मी विचारलं नाही, पण कोकण्यानंच सांगितलं. "कॅम्पवाल्याकडे. तू गेलास त्याच आठवड्यात. मीच नेला."

"तू नेलास?"

"मग कुणी न्यायला हवा होता? माझ्या मागे निमूट चढला. खजूर दिला दोन." आणि जरा वेळानं, "मला शिव्या घालायच्या तर घाल."

मी घातल्या नाहीत. त्याच्याकडं चहा प्यायलो. त्यानंतर त्यानं मला घाट्या म्हणणं बंद केलं, आणि मी त्याला मासळीवरून चिडवणं. का ते माहीत नाही. हळूहळू तो दुसऱ्या लाइनला गाडी चालवायला लागला, अबुधाबीकडं.

मी मात्र त्याच गोठ्यावर आणखी नऊ वर्षं काढली. खोंड आणले, वाढवले, ईदला चढवून दिले. कॅसेटी बंद झाल्या. पोरगा फोनवर दोन मिनिटं बोलायचा. आता लपवायचं कुणापासून नव्हतं, तर सांगायलाही कुणी नव्हतं.

परत गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी तांबडी गाय पुन्हा व्यायली. मधलं एक वेत मेलेलंच आलं होतं. या खेपेला कालवड, आईसारखीच तांबडी. म्हातारी सकाळी आली. आता तिला नीट दिसत नव्हतं, हातानं चाचपून बघायची. तिनं वासराचे दोन्ही कान चाचपले. मग माझ्याकडं वळून दोन बोटांची कात्री करून दाखवली.

मी म्हटलं, "ब्लेड नहीं है."

तिनं माझ्या हनुवटीकडं हात केला. माझी दाढी सकाळीच केलेली होती, साबणाचा वास येत असणार. ती काठी टेकत निघून गेली.

पातं खोलीत होतं. हळद होती. मी खुंट्यापाशी बसून राहिलो, जिथं तो तुकडा पुरला होता तिथं. वासरू धडपडत उभं राहिलं, चीक प्यालं. जगलं तरी ते मी कुणाला कळवणार होतो? मी उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली. खजुराच्या पलीकडं खड्डा काढला आणि पुरलं. गाय दोन दिवस हंबरली, चाऱ्याला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी मी मासळीचं पोतं उचललं. आवाज ऐकून तिनं दाव्याला हिसका दिला. पुढ्यात टाकली, तर तिनं सगळी खाल्ली.